राज्यपाल नेमकं करतात तरी काय? नाशिकमधून सारखे येणारे प्रश्न

२०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत राज्यपाल हा विषय एमपीएससीची पोरं सोडली तर कोणी काढत नव्हतं, आता कॉलेज रोडच्या अभ्यासिकेपासून सुरगाण्याच्या बाजारापर्यंत सगळ्यांना प्रश्न पडलेत. तेच तेच परत विचारलं जातं म्हणून सगळं एका जागी टाकतोय. सोपं आधी, किचकट नंतर. उत्तर दुसरीकडे आलं असेल तर फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय, तेवढं वरखाली बघा.

१. राज्यपालांना निवडून कोण देतं?

कोणीच नाही. राष्ट्रपती नेमतात (कलम १५५), म्हणजे प्रत्यक्षात नाव केंद्र सरकार ठरवतं आणि सही राष्ट्रपतींची होते. माणूस भारताचा नागरिक पाहिजे आणि ३५ वर्षं पूर्ण झालेली पाहिजेत, शिक्षणाची वगैरे अट काही नाही. आमदार-खासदार असेल तर ती जागा सुटते. शपथ हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती देतात. पगार २०१८ पासून महिना साडेतीन लाख, हेही लोक विचारतातच म्हणून सांगून टाकलं.

२. नोटेवर ज्यांची सही असते तेच गव्हर्नर का हे?

हसू नका, नाशिकरोडला नोटांचा छापखाना असल्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न येतोच. नाही. नोटेवरची सही रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची, त्यांचा राज्य चालवण्याशी काही संबंध नाही. (एक रुपयाच्या नोटेवर तर त्यांचीही नसते, वित्त सचिवांची असते.)

३. अमेरिकेत गव्हर्नर निवडून येतो मग आपल्याकडे का नाही?

कारण तिकडे गव्हर्नर म्हणजेच राज्याचा कारभारी, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. आपली पद्धत संसदीय, कारभार मुख्यमंत्री करणार आणि तो विधानसभेला उत्तर देणार. घटनेच्या मसुद्यात आधी निवडून आलेल्या राज्यपालाचा विचार होताच, पण १९४९ मध्ये घटना समितीने तो सोडला. दोघंही लोकांची मतं घेऊन आले तर रोज भांडणार, एकाने फाईल पाठवायची आणि दुसऱ्याने म्हणायचं मलाही जनतेनेच निवडलंय. कॅनडात प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर नेमलेलेच असतात आणि तेही तिथल्या पंतप्रधानांच्या सल्ल्याने, म्हणजे साधारण आपल्यासारखंच. ऑस्ट्रेलियाची गंमत वेगळी आहे, तिथे राज्याच्या गव्हर्नरचं नाव राज्याचाच प्रीमियर राजाला सुचवतो, केंद्राचा हात नाही. आपल्याकडची निम्मी भांडणं याच एका फरकातून येतात असं माझं मत.

४. मग मोठं कोण, मुख्यमंत्री की राज्यपाल?

प्रोटोकॉलमध्ये राज्यपाल, कारभारात मुख्यमंत्री. सरकारी आदेश राज्यपालांच्या नावाने निघतात, "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने" ही ओळ प्रत्येक जीआरच्या शेवटी असते, पण म्हणून राज्यपालांनी तो वाचलाय असं समजू नका. कलम १६३ सांगतं की मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचं, आणि सुप्रीम कोर्टाने १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात स्पष्ट केलं की मोजके अपवाद सोडले तर सल्ला पाळावाच लागतो.

५. ते मोजके अपवाद कोणते?

थोडक्यात: बहुमत स्पष्ट नसताना मुख्यमंत्री कोणाला करायचं (प्र. ६), राष्ट्रपती राजवटीचा रिपोर्ट (प्र. १०), एखादं विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणं (प्र. ११), आणि महाराष्ट्रापुरतं कलम ३७१(२) (प्र. १६). विद्यापीठांचं कुलपतीपद वेगळं, ते घटनेतून येतच नाही (प्र. १४). पण खरं सांगू का, कागदावरचे हे अधिकार फार मोठे नाहीत. राज्यपालांची खरी ताकद वेळेत आहे. किती तास द्यायचे, किती महिने फाईल ठेवायची, सही सकाळी करायची का रात्री, महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत जेवढे वाद झाले ते बघा, जवळजवळ प्रत्येक वाद घड्याळाचा नाहीतर कॅलेंडरचा आहे.

६. कोणालाच बहुमत नसेल तर आधी कोणाला बोलवायचं, सगळ्यात मोठ्या पक्षालाच ना?

असं घटनेत कुठेच लिहिलेलं नाही. सरकारिया आयोगाने (१९८८ चा अहवाल) क्रम सुचवलाय: निवडणुकीआधीची युती, मग सगळ्यात मोठा पक्ष इतरांच्या पाठिंब्यासह, मग निकालानंतरची आघाडी. २०१९ मध्ये भाजप १०५ आणि शिवसेना ५६, बहुमताला १४५ लागतात, म्हणजे युतीकडे बहुमत होतंच, पण युतीच मोडली. मग राज्यपालांनी भाजपला विचारलं, त्यांनी नाही म्हटलं. शिवसेनेला २४ तास दिले, त्यांनी अजून वेळ मागितला तो मिळाला नाही. राष्ट्रवादीला १२ नोव्हेंबरच्या रात्री साडेआठपर्यंत वेळ होता, आणि ती वेळ संपायच्या आतच राष्ट्रपती राजवटीची शिफारस जाऊन राजवट लागलीसुद्धा. क्रम चुकला असं म्हणता येणार नाही, घाई मात्र डोळ्यात भरण्यासारखी होती.

७. पहाटेचा शपथविधी कायदेशीर होता का?

शपथ कधी घ्यायची याचा मुहूर्त घटनेत नाही. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री, अजित पवार उपमुख्यमंत्री. राजवट उठवायला केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक लागते, पण केंद्राच्या कामकाज नियमांतल्या नियम १२ खाली पंतप्रधान बैठकीशिवायही निर्णय घेऊ शकतात आणि मंत्रिमंडळ नंतर मंजुरी देतं, तो नियम वापरला. सुप्रीम कोर्टाने शपथ रद्द केली नाही, एवढंच म्हटलं की २७ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत बहुमत दाखवा, गुप्त मतदान नको आणि थेट प्रक्षेपण करा. आदेश २६ ला आला आणि त्याच दिवशी राजीनामा. कायदेशीर असणं वेगळं आणि शोभणं वेगळं, त्यावर तुमचं मत तुम्ही बनवा, माझं बनलेलं आहे.

८. २०२२ मध्ये राज्यपाल चुकले असं कोर्ट म्हणालं, मग उद्धव ठाकरे परत मुख्यमंत्री का झाले नाहीत?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. ११ मे २०२३ चा पाच न्यायमूर्तींचा निकाल बघा. कोर्टाचं म्हणणं, जून २०२२ मध्ये राज्यपालांकडे सरकारने बहुमत गमावलंय असं मानण्यासारखं ठोस काही नव्हतं. आमदार नाराज आहेत, पक्षात भांडण आहे, यावरून बहुमत चाचणी लावता येत नाही, पक्षातली भांडणं सोडवणं हे राज्यपालांचं काम नाही. इथपर्यंत ठाकरेंच्या बाजूने. पण ते चाचणीला सामोरे गेलेच नाहीत, २९ जूनला रात्री राजीनामा दिला, आणि दिलेला राजीनामा कोर्ट परत घेऊन देऊ शकत नाही. एकदा राजीनामा झाला की खुर्ची रिकामी, त्यानंतर एकनाथ शिंदेंना बोलावलं ते बरोबर होतं असंही त्याच निकालात आहे. दोन्ही बाजूंचे लोक आपल्याला पाहिजे तेवढंच अर्धं वाक्य फॉरवर्ड करतात, म्हणून घोळ होतो.

९. विधानसभेची मुदत संपली आणि नवं सरकार आलं नाही तर आपोआप राष्ट्रपती राजवट लागते ना?

नाही. २०२४ मध्ये हे मेसेज जोरात फिरले, २६ नोव्हेंबरला मुदत संपतेय आता राजवट लागणार म्हणून. निकाल २३ ला लागला होता, नवीन आमदारांची अधिसूचना निघाली की नवी विधानसभा अस्तित्वात आली. शिंदेंनी राजीनामा दिला आणि राज्यपालांनी त्यांना काळजीवाहू म्हणून राहायला सांगितलं, शपथविधी ५ डिसेंबरला झाला. मधे काहीही लागलं नाही.

१०. मग राष्ट्रपती राजवट लागते कधी?

राज्याचा कारभार घटनेप्रमाणे चालणं शक्य नाही असा रिपोर्ट राज्यपालांनी दिला (किंवा केंद्राला दुसरीकडून तशी खात्री पटली) तर कलम ३५६. दोन महिन्यांत संसदेची मंजुरी लागते. महाराष्ट्रात तीनदा लागलीय: १९८०, २०१४ आणि २०१९, यातली शेवटची जेमतेम अकरा दिवस टिकली. आधी देशभर ही राजवट उठसूट लावायचे, १९९४ च्या सुप्रीम कोर्टाच्या बोम्मई निकालाने ते बरंच थांबलं. बहुमत सभागृहात मोजायचं, राजभवनात नाही, आणि संसदेने मंजूर करेपर्यंत विधानसभा बरखास्त करायची नाही, हे त्या निकालातले दोन मुद्दे परीक्षेलाही येतात.

११. राज्यपालांनी विधेयकावर सहीच केली नाही तर?

इथे नीट वाचा, कारण २०२५ मध्ये दोनदा चित्र बदललं आणि क्लासच्या जुन्या नोट्समध्ये अर्धवट माहिती आहे.

कलम २०० प्रमाणे विधेयक आलं की राज्यपाल सही करतात, किंवा परत पाठवतात (अर्थ विधेयक परत पाठवता येत नाही), किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. परत पाठवलेलं विधेयक सभागृहाने पुन्हा मंजूर केलं तर सही अडवता येत नाही. मुदत मात्र लिहिलेली नाही, "शक्य तितक्या लवकर" एवढंच. तामिळनाडूत विधेयकं वर्षानुवर्षं पडून राहिली, राज्य सरकार कोर्टात गेलं, आणि ८ एप्रिल २०२५ ला दोन न्यायमूर्तींनी मुदत ठरवून दिली आणि अडकलेली दहा विधेयकं मंजूर झाल्याचं मानलं. मग राष्ट्रपतींनी मे महिन्यात सुप्रीम कोर्टाला १४ प्रश्न विचारले, आणि २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायमूर्तींनी मत दिलं की कोर्ट अशी मुदत घालू शकत नाही, आणि सही न करता सही झाली असं मानताही येत नाही. पण राज्यपालांनी कायमचं दाबून बसणंही चालणार नाही. कारण न देता फार उशीर झाला तर कोर्ट "काय तो निर्णय घ्या" असं सांगू शकतं, कोणता निर्णय ते सांगणार नाही. नुसतं नाही म्हणून कपाटात ठेवायचा मार्गही बंद, सही नसेल तर परत पाठवा नाहीतर राष्ट्रपतींकडे पाठवा.

आपल्याकडचं उदाहरण शक्ती विधेयकाचं (महिलांवरच्या अत्याचाराला कडक शिक्षा देणारं). डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, केंद्राच्या कायद्यात हात घालत होतं म्हणून राष्ट्रपतींकडे गेलं, आणि कायदा काही झाला नाही.

१२. अध्यादेश राज्यपाल स्वतः काढतात का?

नाही, मंत्रिमंडळ सांगतं तेव्हा (कलम २१३). अधिवेशन चालू नसेल तेव्हाच, आणि अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत कायदा केला नाही तर तो संपतो. पण सही करायच्या आधी राज्यपाल शंका विचारू शकतात. २०२१ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणाच्या अध्यादेशावर तसं झालं, आधी विचारणा आणि मग सही, आणि डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. आपल्या महापालिकेची निवडणूक एवढी का लांबली विचारतात ना, त्या गुंत्याचा हा एक धागा.

१३. राज्यपालनियुक्त १२ आमदार म्हणजे काय, आणि ते इतकी वर्षं रिकामे कसे राहिले?

विधान परिषदेत ७८ जागा आहेत, त्यातल्या १२ साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यातल्या लोकांसाठी. नाशिक पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघाशी याची गल्लत करू नका, तिथे मतदान होतं. या १२ ची नावं मंत्रिमंडळ देतं आणि राज्यपाल नेमतात. ठाकरे सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये यादी पाठवली, ती राजभवनात नुसती पडून राहिली, ना हो ना नाही. मुंबई हायकोर्टात जी याचिका गेली ती आपल्या नाशिकच्याच एका नागरिकाची होती. ऑगस्ट २०२१ मध्ये कोर्टाने म्हटलं की ठराविक वाजवी वेळेत निर्णय घेणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे आणि आठ महिने म्हणजे पुरे झाले. पण राज्यपालांना थेट आदेश देता येत नाही (प्र. १८), म्हणून तेवढ्यावरच थांबलं. पुढे सरकार बदललं, नव्या सरकारने ती यादीच मागे घेतली, आणि शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेची आचारसंहिता लागायच्या दिवशी सात जणांचा शपथविधी झाला. प्र. ५ मध्ये वेळेबद्दल लिहिलंय त्याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

उद्धव ठाकरेंना एप्रिल २०२० मध्ये याच कोट्यातून घ्यायची शिफारस होती, सहा महिन्यांत आमदार झाले नसते तर पद गेलं असतं. तीही सही झाली नाही, मग निवडणूक आयोगाने परिषदेची निवडणूक घेतली आणि ते बिनविरोध आले.

१४. विद्यापीठात राज्यपाल कुलपती म्हणून येतात, ते मंत्र्यांना विचारून निर्णय घेतात का?

नाही, आणि म्हणूनच भांडणं होतात. कुलपतीपद राज्याच्या कायद्याने दिलेलं आहे, त्यामुळे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याचा नियम तिथे लागत नाही. म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, गंगापूरकडचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, आणि आपली बरीच कॉलेजं ज्याला जोडलीत ते पुणे विद्यापीठ, सगळीकडे राज्यपालच कुलपती. कुलगुरूसाठी शोध समिती नावं काढते, त्यातून कुलपती निवडतात. डिसेंबर २०२१ मध्ये ठाकरे सरकारने नावांची गाळणी सरकारकडे घेणारं विधेयक आणलं होतं, पुढच्या सरकारने ते गुंडाळलं. कायद्याने दिलेलं पद कायद्याने काढताही येतं, फक्त त्या कायद्यावर सही कोणाची लागते ते आठवा.

रिझल्ट लागला नाही, हॉलतिकीट आलं नाही यासाठी कुलपतींना मेल करू नका. परीक्षा विभागात जा.

१५. पेठ-सुरगाण्यासाठी राज्यपालांकडे वेगळे अधिकार आहेत म्हणतात, खरंय का?

खरंय, आणि हा विषय टीव्हीवर कधी येत नाही म्हणून मी जास्त लिहिणार. घटनेची पाचवी अनुसूची, म्हणजे आदिवासी भागांसाठीची वेगळी तरतूद. सुरगाणा, पेठ, कळवण, आणि त्र्यंबक, इगतपुरी, दिंडोरी, बागलाण इथली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. या भागापुरता संसदेचा किंवा विधिमंडळाचा कुठलाही कायदा लागू नाही, किंवा अमुक बदल करून लागू, असं राज्यपाल नुसत्या अधिसूचनेने ठरवू शकतात. विधानसभेत न जाता. जमिनीच्या व्यवहारावर आणि सावकारीवर बंधनं घालणारे नियमही करू शकतात, त्याला मात्र आदिवासी सल्लागार परिषदेशी चर्चा आणि राष्ट्रपतींची मंजुरी लागते. हे राज्यपालांनी स्वतःच्या विचाराने करायचं का मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, यावर वाद आहे.

आता हे वापरलंय कुठे ते सांगतो. २०१८ चा लाँग मार्च सीबीएसवरून निघाला तेव्हा मुख्य मागण्यांमध्ये वनपट्टे (कसत असलेल्या वनजमिनीवरचा हक्क) होते, कितीतरी दावे जिल्हा समितीने फेटाळलेले आणि पुढे दाद मागायला जागाच नव्हती. मे २०२० मध्ये राज्यपालांनी वनहक्क कायद्यात या भागापुरता बदल करून विभागीय पातळीवर अपील ठेवलं, म्हणजे आपल्यासाठी नाशिकरोडला विभागीय आयुक्तांकडे. सप्टेंबर २०२० मध्ये अजून एक अधिसूचना, वनपट्टेधारक कुटुंबांना घर बांधायला शेजारची वनजमीन मिळावी म्हणून. ज्या राज्यपालांवर (भगतसिंह कोश्यारी) मुंबईत रोज टीका व्हायची त्यांच्याच काळात हे झालं, तेही नोंदवून ठेवायला पाहिजे.

पेसा भरतीचंही (अनुसूचित क्षेत्रातली सरकारी भरती) मूळ इथेच. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्यसेवक अशा पदांवर स्थानिक आदिवासी उमेदवारच घ्यायचे हे ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेतून आलं, नंतर यादी वाढली आणि १७ संवर्ग झाले. पण एप्रिल २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने आंध्रच्या प्रकरणात शिक्षकांचं शंभर टक्के आरक्षण रद्द केलं आणि म्हटलं की पाचव्या अनुसूचीच्या अधिकारालाही मूलभूत हक्कांची मर्यादा आहे. त्यामुळे आपली भरतीही कोर्टात अडकली, आणि ऑगस्ट २०२४ चं नाशिकमधलं आंदोलन त्यातूनच पेटलं.

१६. वैधानिक विकास मंडळात नाशिक कुठे येतं?

"उर्वरित महाराष्ट्र" मध्ये, कोकण आणि पुण्याच्या पंगतीत. कलम ३७१(२) खाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यात निधीचं न्याय्य वाटप बघणं ही राज्यपालांची खास जबाबदारी आहे. त्यासाठी १९९४ मध्ये ही मंडळं आली, ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली, २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने पुन्हा सुरू करायचं ठरवलं. उत्तर महाराष्ट्राला वेगळं मंडळ द्या ही मागणी जुनीच आहे, आणि पुण्याशेजारी बसवून आपला अनुशेष मोजला की आपण श्रीमंतच दिसणार, त्यामुळे ती मला रास्तच वाटते.

१७. राज्यपालांना निवेदन दिलं तर उपयोग होतो का?

कलेक्टर ऑफिसमध्ये "मा. राज्यपाल, द्वारा मा. जिल्हाधिकारी" असं लिहून देतात ते बहुतेक वेळा संबंधित खात्याकडेच फिरून येतं. रस्ता, पाणी, सातबारा, बदली यासाठी वेळ घालवू नका. विद्यापीठाच्या कारभाराची गंभीर तक्रार किंवा अनुसूचित क्षेत्राचा विषय असेल तर जरूर द्या, आदिवासी विषयांसाठी राजभवनात (आता नाव लोकभवन) वेगळा कक्ष केलेला आहे. कलम आणि गावाचं नाव स्पष्ट लिहा, पोच घ्या.

१८. राज्यपालांना काढता येतं का? कोर्टात खेचता येतं का?

महाभियोग नाही, विधानसभा ठराव करू शकते पण त्याने पद जात नाही. राष्ट्रपतींची, म्हणजे केंद्राची मर्जी आहे तोवर पद. पाच वर्षं ही मुदत म्हणायची. २००४ मध्ये केंद्रात सरकार बदललं आणि चार राज्यपाल एकदम काढले, त्यावर २०१० मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की कारण सांगायची गरज नाही पण मनमानी नको, केवळ पक्ष वेगळा म्हणून काढू नका.

कोर्टाचं म्हणाल तर कलम ३६१ खाली पदावर असेपर्यंत फौजदारी खटला नाही आणि पदाच्या कामासाठी ते स्वतः कोर्टाला उत्तर द्यायला बांधील नाहीत. पण त्यांचा निर्णय तपासता येतो, प्र. ८ मध्ये तेच झालं.

१९. अधिवेशनातलं अभिभाषण त्यांचं स्वतःचं असतं का?

एक अक्षरही नाही, मंत्रिमंडळ लिहून देतं. "माझं सरकार" असं म्हणत न पटणारंही वाचायचं. तामिळनाडूच्या राज्यपालांनी जानेवारी २०२३ मध्ये काही परिच्छेद गाळले आणि मग सभागृहातून निघून गेले. आपल्याकडे ३ मार्च २०२२ ला घोषणाबाजीत राज्यपाल भाषण अर्धवट ठेवून गेले.

२०. एकच माणूस दोन राज्यांचा राज्यपाल असू शकतो?

हो, १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीपासून. सप्टेंबर २०२५ मध्ये सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले तेव्हा गुजरातचे आचार्य देवव्रत यांच्याकडे महाराष्ट्राचा कार्यभार दिला. सल्ला मात्र ज्या राज्याचं काम त्याच राज्याच्या मंत्रिमंडळाचा.

२१. नाशिकरोड जेलमधल्या कैद्याची शिक्षा राज्यपाल माफ करू शकतात का?

कलम १६१ खाली करू शकतात, फाशीतसुद्धा, पण राज्य सरकारच्या सल्ल्याने. राजीव गांधी हत्या प्रकरणातल्या पेरारिवलनच्या बाबतीत राज्याचा सल्ला पाळायचा सोडून राज्यपालांनी फाईल राष्ट्रपतींकडे पाठवली, मग मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेच त्याला सोडलं. अर्ज मुंबईला हाताने नेऊन द्यायची गरज नाही, जेल अधीक्षकांमार्फत जातो.

२२. एखाद्या मंत्र्यावर आरोप आहेत, राज्यपाल त्याला परस्पर काढू शकतात का?

मंत्री राज्यपालांच्या मर्जीपर्यंत पदावर असं कलम १६४ मध्ये लिहिलंय खरं, पण ती मर्जी मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने चालते. जून २०२३ मध्ये तामिळनाडूच्या राज्यपालांनी एका मंत्र्याला परस्पर काढलं आणि काही तासांतच तो आदेश थांबवावा लागला. पूर्ण मंत्रिमंडळ काढायचं असेल तर सभागृहात बहुमत गेलेलं पाहिजे, तिथून पुढे प्र. ८ आणि १०.